विसरायला होतंय म्हणजे डिमेन्शियाच का? आधी झोपेचं बघा

"मॅडम, मला डिमेन्शिया तर होत नाहीये ना?" पन्नाशी पार केलेल्या बऱ्याच बायका हे विचारतात. अशाच एक ताई आल्या, पाळी थांबून काही वर्षं झालेली, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, तीच मेल परत परत वाचायची, आणि आईला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेला म्हणून भीती अजूनच. सगळे म्हणाले टेन्शन आहे, झोपेची गोळीही सुरू झालेली.

झोप कशी आहे विचारलं तर म्हणाल्या झोपते की आठ तास, पण सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीतून बाथरूमला उठावं लागतं. "घोरता का?" "छे, घोरतात ते हे!" मग मिस्टरांना विचारलं, ते म्हणाले घोरत नाही फारशी, पण मधेच श्वास थांबतो आणि दचकून कूस बदलते.

बायकांचा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा त्रास, इथेच निसटतो. मोठ्ठं घोरणं असेलच असं नाही, थकवा, निद्रानाश, उदास वाटणं हेच पुढे येतं आणि सगळं मेनोपॉजच्या नावावर खपतं, खरं तर मेनोपॉजनंतर याचा धोका वाढतो. झोपेत घशातली हवेची वाट मिटते, श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा होतो, आपल्याला पत्ताही नसतो. 2011 मध्ये 298 वयस्कर स्त्रियांचा अभ्यास आला होता, सुरुवातीला कुणालाच डिमेन्शिया नव्हता. पुढच्या पाचेक वर्षांत झोपेत श्वासाचा त्रास असलेल्यांपैकी जवळपास 45 टक्के जणींना स्मृती-विचारशक्तीची घसरण किंवा डिमेन्शिया झाला, त्रास नसलेल्यांमध्ये 31 टक्के. आणि संबंध दिसला तो ऑक्सिजन कमी पडण्याशी, झोपमोडीशी नाही. म्हणजे ॲप्निया असला की डिमेन्शिया होणारच असं अजिबात नाही, पण दुर्लक्षही नको.

ताईंना डॉक्टरकडे पाठवलं, थायरॉईड, बी-12 तपासलं, स्लीप स्टडी (झोपेत श्वास, ऑक्सिजन मोजणारी तपासणी) झाली, तासाला 15 पेक्षा जास्त वेळा श्वास अडकत होता. काही झोपेच्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो, म्हणून डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली (मनाने बंद करू नका प्लीज) आणि सीपॅप मशीन दिलं, हे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घशातली वाट उघडी ठेवतं. मास्क सुरुवातीला नकोसा झाला, साइज बदलल्यावर जमलं. काही महिन्यांनी सकाळची डोकेदुखी गेली, कामात लक्ष लागायला लागलं. शब्द अजून कधीतरी अडकतात, त्यासाठी न्यूरोलॉजिस्टचा फॉलोअप चालू आहे, कारण सीपॅपने डिमेन्शिया टळतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

तुम्हालाही अशी शंका असेल तर घरच्या कुणाला तरी रात्री तुमच्या झोपेचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो डॉक्टरांना दाखवा, "मी घोरत नाही" म्हणून तपासणी टाळू नका.