रुमाल सोडण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मोडी रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या मोडी कागदांच्या गठ्ठ्यांच्या, संवर्धनाचं पहिलं स्वतंत्र काम तुला मिळालं, फार आनंद झाला. पानामागे दर किती सांगू, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर पानामागे दर सांगूच नकोस. पानावर पैसे मिळायला लागले की हात भराभर चालतो आणि कागदाचं नुकसान तिथेच होतं. संस्थेला सांग, आधी वेगवेगळ्या रुमालांतली पन्नासेक पानं तपासते, त्या दिवसांचं मानधन वेगळं. मग पानांचे तीन गट पाड: नुसती कोरडी सफाई लागणारी, डागडुजी लागणारी, आणि बुरशी लागलेली किंवा चिकटून ढेप झालेली. पहिल्या दोन गटांना गटवार दर सांग. तिसऱ्याला दिवसाचं मानधनच माग, कारण ढेप सुटायला किती वेळ लागेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. नोंदी आणि फोटो यांचे तास करारात स्वतंत्र लिहून घे. ते लिहिलेले नसले की काटछाट पहिली त्यांच्यावरच येते.

रुमाल सोडण्याआधी गाठ, वरची चिठ्ठी आणि सोडल्यावर पानांचा क्रम, सगळ्याचे फोटो काढ. घड्यांत पांढरी भुकटी दिसली तर फुंकू नकोस. जुन्या दप्तरांत डीडीटी आणि गॅमेक्सीन ही कीटकनाशकं सर्रास टाकत असत. कागद पिवळाधमक असेल किंवा चुकलेली अक्षरं पिवळ्या लेपाने झाकलेली असतील, तर ती हरताळ समजून चाल. हरताळात आर्सेनिक असतं. नायट्राइल हातमोजे आणि एन-९५ मास्क संस्थेने द्यायच्या सामानाच्या यादीत घाल. बुरशीसाठी थायमॉलची धुरी द्या असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हण.

आता पाण्याबद्दल, कारण नवख्या हातांकडून सगळ्यात जास्त नुकसान पाण्यानेच होतं. काजळाची काळी शाई उजेडाने फिकी पडत नाही, म्हणून ती पक्की वाटते. पण काजळ डिंकात धरलेलं असतं आणि डिंक पाण्यात सुटतो. चाचणी घेताना बारीक कुंचल्याच्या टोकाने डिस्टिल्ड वॉटरचा अगदी छोटा थेंब अक्षराच्या कडेला ठेव, अर्ध्या मिनिटाने टिपकागद दाबून उचल आणि भिंगाखाली पाहा. काळी शाई, हिंगुळाची लाल शाई, शिक्क्याची शाई, नंतर कोणी मारलेले क्रमांक, प्रत्येकाची चाचणी वेगळी. मजकूर टिकला म्हणून पान ओलं केलं आणि शिक्का पसरला, हे वारंवार घडतं. शाई टिकली तरी कागदाचा विचार कर. जुन्नरी, दौलताबादी कागद खळ लावून घोटलेला असतो. त्यावर थेंब वाळला की तेवढी जागा मंद पडते आणि तिरप्या उजेडात डागासारखी दिसते. ती झिलई परत येत नाही. म्हणून सुरी, मऊ कुंचला आणि रबरी स्पंज यांनी भागत असेल तर पाण्याला हात लावू नकोस.

फाटलेल्या जागेसाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ कर, मैद्याची नको. मैद्यातल्या ग्लूटेनने जोड ताठर होतो आणि कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, येते. एक भाग सत्त्वाला पाच भाग पाणी घे, अर्धा तास भिजू दे, मग मंद आचेवर सतत ढवळत तीस-चाळीस मिनिटं, पारदर्शक होईपर्यंत शिजव. गार झाल्यावर दोनदा गाळ आणि वापरताना ताकाइतकी पातळ कर. दोन-तीन दिवसांनी नवी करायची. टिकावी म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) घालण्याची जुनी रीत कोणी सांगेल. तांब्यामुळे कागदातला सेल्युलोज लवकर झिजतो, त्यामुळे ती रीत सोडून दे. फाटीवर लावायचा जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ कागद) कात्रीने कापू नकोस. ओल्या कुंचल्याने रेघ ओढून फाड, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात. मूळ कागदाहून तो पातळच हवा आणि फाटीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर पुरे. जाड पट्टी लावली तर पान पट्टीच्या कडेवर वाकतं आणि तिथेच नवी फाट पडते.

वाळवताना पॉलिस्टर जाळी, टिपकागद, काच, वर वजन. पहिला टिपकागद दहा-पंधरा मिनिटांत बदलायचाच, मग रात्रभर ठेव. हे टाळलं तर पान सुरकुततं, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी ओलं काम हाती घेऊ नकोस. कोरडी सफाई, नोंदी कर. नव्या बांधणीसाठी मांजरपाट आणलास तर गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढून टाक. न धुतलेलं कापड म्हणजे कसरीला आमंत्रण.

मोडी वाचायला शीक, निदान तारीख, मायना आणि मोर्तब (पत्राच्या शेवटचा छोटा शिक्का) ओळखता येईल इतकी. लांब पत्रं तुकडे जोडून केलेली असतात आणि जोड सुटतात. एका पत्राची शेपटी दुसऱ्याला चिकटवलीस तर पुढचा अभ्यासक ते तसंच छापेल. शंका असेल तर तुकडा चिकटवू नकोस, वेगळ्या पाकिटात ठेव आणि पाकिटावर कुठे सापडला ते लिही. पानांवर पूर्वी चिकटवलेली शिफॉन कापडाची किंवा अॅसिटेट प्लास्टिकची लॅमिनेशनं तर एकटीने सोडवायला घेऊच नकोस. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेत प्रशिक्षणं होतात. अर्ज कर, आणि अनुभवी माणसाशेजारी बसूनच हे शीक.

फोटो वापरण्याची लेखी परवानगी आजच माग, काम संपल्यावर ती मिळणं अवघड जातं. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच उजेडात, रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून काढ. पुढच्या कामासाठी निवड करणारे सुंदर पानापेक्षा हेच पाहतात, आणि काय केलं नाहीस व का, ते लिहिलेलं असेल तर तेही. तपासणीचा तक्ता तयार झाला की करारावर सही करण्याआधी मला पाठव.

तुझी ताई