पृथ्वी काढू नकोस

पोरी,

परवा पार्क चौकात चहा गार होऊन गेला, तरी तुझी वही माझ्यापुढं उघडीच होती. हवामान बदलावरची चौदा व्यंगचित्रं. नऊ चित्रांत पृथ्वी आजारी, तोंडात थर्मामीटर. उरलेल्यांत उंच हॅट घातलेला, चिरूट ओढणारा जाडा भांडवलदार. रेघ तुझी माझ्यापेक्षा चांगली आहे, त्यावर शब्द घालवत नाही. पण असा हॅटवाला आपल्या मोहोळ तालुक्यात कधी पाहिलास?

पृथ्वी काढू नकोस. हात काढ. पाणी कुणीकडं वळलं, पैसा कुणीकडं गेला, ते वळवणारा हात.

अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टनं १८७१ मध्ये न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी बॉस ट्वीड याच्या धडावर डोक्याऐवजी पैशांची थैली ठेवली. थैली कुणीही काढेल. सदऱ्यावरची हिऱ्याची पिन मात्र त्यानं सोडली नाही, आणि ती लोकांच्या ओळखीची होती.

उठताना तू म्हणालीस, "काका, वडिलांचा दोन एकर ऊस. त्यावरच माझी फी भरली. मग मी कुठल्या तोंडानं काढू? जबाबदार तर आपण सगळेच." त्या वाक्यानं मला झोप लागू दिली नाही. अगं, उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा ठरलेला किमान भाव, तोडणीची टोळी बांधावर येते. ज्वारीचा हमीभाव कागदावर; मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी अडत्याकडं निघेल तो भाव. पाऊस लांबतो, ऊन चव्वेचाळीसवर जातं, तरी पैशाची खात्री उसातच. तुझ्या वडिलांनी तो हिशोब बघून ऊस लावला. हिशोब मांडला कुणी? तो हात काढ. आणि 'सगळेच जबाबदार' हे आलं कुठून तेही बघ. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे ज्यानं त्यानं हवेत सोडलेल्या कार्बनचा हिशोब, हा शब्द घरोघर पोचवला तो २००० नंतर बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. तेल काढणारा हात पडद्याआड, आणि तू स्वतःची पावलं मोजत बसलीस!

चिडतोय, कारण मी हेच केलंय. २०१६. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचं उरलेलं, आमच्या गल्लीत रात्री दोनला घागरींची रांग. मी व्हॉल्व्हची चावी काढली, तिच्यावर एक हात, बोटात पुष्कराजाची अंगठी. संपादक म्हणाले, अंगठी घालवा, अंगठीवाल्यांची आपल्याकडं जाहिरात आहे. मी पांढरा रंग लावला. मग म्हणाले, हातच नको. मी भेगाळलेली जमीन आणि एक कावळा काढून दिला. त्या चित्राला जेवढे फोन आले तेवढे आयुष्यात कधी आले नाहीत.

घरात आई अंथरुणाला खिळलेली, दोन मुलींचं शिक्षण. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं कावळा काढलाच असता. आणि त्यानंतर मी हाताशिवाय एकही चित्र दिलं नाही, म्हणून दोन ठिकाणचं काम गेलं, हेही तुला ठाऊक असू दे. पहिला कागद ट्रंकेत आहे. पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेत, खालची अंगठी दिसते.

गुरुवारी पहाटे आमच्याकडं पाणी सुटतं. चारला ये. चावीवाला बिचारा पगारी माणूस, त्याला चित्रात ओढायचं नाही. पण लोखंडी चावी फिरवताना अंगठा कुठं दाबतो, मनगटाची शीर कशी उठते, ते बघून घे. वही आण. पृथ्वीची पानं घरी ठेव.