चवथीचे फोटो, जमिनीचे कागद आणि हार्ड डिस्क कुठली घ्यायची

मागच्या अंकात कम्प्युटरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरच. सगळी छापता येणार नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

माझ्याकडे घरचे जवळजवळ वीस वर्षांचे फोटो आहेत, चवथीचे, मुंजीचे, लग्नांचे. शिवाय वडिलोपार्जित जमिनीचे पोर्तुगीज काळातले कागद स्कॅन करून ठेवलेत. सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर. मुलगा दुबईहून सांगतो एसएसडी घ्या, दुकानदार म्हणतो काका साधी हार्ड डिस्क घ्या, चार टीबीचीच घ्या म्हणजे परत बघायला नको. कुणाचं ऐकू?
— निवृत्त शिक्षक, डिचोली

सर, दोघांचंही ऐकायच्या आधी फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, नेमकं किती जीबी आहे ते कळेल. एक फोटो पाच एमबीचा धरला तरी 20,000 फोटो म्हणजे फक्त 100 जीबी, आणि स्कॅन केलेले कागद तर त्यात कुठल्या कुठे बसतील. एक टीबी म्हणजे हजार जीबी, मग तुम्हाला चार टीबी कशाला हव्यात? त्याच पैशात एक टीबीच्या दोन येतात का बघा, दरात फार फरक नसेल तर दोन टीबीच्या दोन घ्या. पण दोन घ्या, हे महत्त्वाचं. एकच मोठी घेतली आणि ती गेली तर चारच्या चार टीबी एकदम जातात.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली म्हणून इथेच लिहितो. कम्प्युटर भरला की लोक फोटो डिस्कवर टाकतात, कम्प्युटरवरचे उडवतात आणि म्हणतात बॅकअप घेतला. कसला बॅकअप, आधी एक कॉपी होती, आताही एकच आहे, फक्त जागा बदलली. कम्प्युटरवर एक, घरातल्या डिस्कवर एक आणि दुसरी डिस्क दुसऱ्याच घरी, बहिणीकडे म्हणा नाहीतर मुलीच्या सासरी, असं ठेवलं तर घरात पाणी शिरलं, चोरी झाली, वीज पडली तरी काहीतरी हातात राहतं.

आता एसएसडी की हार्ड डिस्क. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात, पोर्टेबलमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला 5400 वेळा, आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून धुळीच्या कणापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. चालू असताना टेबलावरून पडली तर संपलं. एसएसडीत हलणारं काहीच नाही, म्हणून रोज बॅगेत टाकून फिरणाऱ्याने ती घ्यावी, मुलगा त्याच्या हिशेबाने बरोबरच सांगतोय. पण एसएसडी वर्षानुवर्षं करंटशिवाय कपाटात पडून राहिली तर आतला डेटा ज्या चार्जवर टिकतो तो हळूहळू झिरपत जातो, आणि बिघडते तेव्हा बऱ्याचदा न सांगता एकदम बंद पडते. तुमची डिस्क कपाटातच राहणार, तेव्हा साधी हार्ड डिस्क घ्या. इथे दुकानदार बरोबर, फक्त चार टीबीचं सोडून.

कंपनीवरून फार डोकं खाऊ नका. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, आणि प्रत्येकीला शिव्या घालणारी माणसं भेटतात. दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हीत येणार नाही. वॉरंटीचं बिल जपून ठेवा, पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, फोटो मिळत नाहीत. आणि एक टीबीची डिस्क विंडोजवर 931 जीबी दिसेल, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, एवढंच आहे.

जमिनीचा एक-चौदाचा उतारा ऑनलाइन परत काढता येतो, पण हाताने लिहिलेले जुने पोर्तुगीज कागद परत कुठून आणणार. तेवढे निदान 300 डीपीआयला स्कॅन करा आणि त्यांची एक कॉपी क्लाउडवर पण टाका. गूगलचे फुकटचे 15 जीबी कागदांना भरपूर झाले. फोटोंना पुरणार नाहीत, गूगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट 1 जून 2021 पासून बंद झालंय.

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. नवी पोर्टेबल डिस्क सुरुवातीला 120 एमबीच्या स्पीडने कॉपी करते आणि अर्ध्या तासाने 20 वर येते. डिस्क खराब निघाली का?
— फोटोग्राफर, मडगाव

बहुतेक खराब नाही, तिची जातच तशी आहे. छोट्या आकारात जास्त डेटा बसवायला आजकाल बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे थोडे चढवून लिहितात, आपल्या छपरावरच्या कौलांसारखे. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात ना, तसंच इथे होतं. सुरुवातीचा डेटा डिस्क पटकन घेऊन ठेवते आणि ती जागा भरली की मग रडतखडत नीट लावत बसते. याला एसएमआर म्हणतात, खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून शोधावं लागतं.

सुरुवातीपासूनच 30-35 च्या वर जात नसती तर मात्र केबल नाहीतर पोर्ट बघा म्हटलं असतं, यूएसबी 2 च्या पोर्टात लावली की तेवढाच स्पीड मिळतो. बऱ्याच कम्प्युटरवर यूएसबी 3 चा पोर्ट आतून निळा असतो.

तुमच्या धंद्याला माझं मत असं, एडिटिंग एसएसडीवर करा आणि काम संपलं की साडेतीन इंची डेस्कटॉप हार्ड डिस्कवर टाका, वेगळा अडॅप्टर लागतो ती मोठीवाली. ती बॅगेत फिरवायची नसते आणि जीबीमागे स्वस्त पडते. आणि कार्ड, कार्ड दोन ठिकाणी कॉपी होऊन फाइल उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट मारायचं नाही, नवरीकडचे कितीही घाई करोत. दोन डिस्कवाला रेडचा (RAID) डबा, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकदम तेच लिहिणारा, घेतला म्हणून सुटलो असंही नाही, एकावरून फाइल चुकून डिलीट केली की दुसऱ्यावरूनही त्याच क्षणी जाते.

ऑनलाइन 16 टीबीची एसएसडी दीड-दोन हजारांत दिसतेय, रिव्ह्यूही चांगले आहेत. घेऊ का?
— गृहिणी, म्हापसा

नको! खोक्यात साधं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं, आणि त्याच्यावरचं सॉफ्टवेअर कम्प्युटरला खोटं सांगतं की माझ्यात 16 टीबी जागा आहे. खरी जागा संपली की नवीन फाइल जुन्यावर लिहिल्या जातात, नावं सगळी दिसतात आणि उघडायला गेलात की काहीच नाही. चांगले रिव्ह्यू पहिल्या दिवशी लिहिलेले असतात, तोवर ती भरलेलीच नसते. कुणी आधीच घेतली असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, मॅक-लिनक्सवर एफथ्री, त्याने पूर्ण जागा भरून परत वाचून बघा आणि रिटर्नची मुदत आहे तोवर परत करा.

आमच्या नाट्यमंडळाकडे जत्रेतल्या नाटकांची रेकॉर्डिंग मिनीडीव्ही कॅसेटवर आहेत, काही डिस्कवर घेतलीत. पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. डिस्क कशी सांभाळायची?
— पेडण्याहून

कॅसेटची घाई करा, डिस्कचं नंतर बघू. मिनीडीव्हीचा कॅमेरा चालू अवस्थेत मिळणंच आता मुश्किल झालंय, कुणाच्या माळ्यावर असेल तर आजच मागून आणा. एका तासाच्या कॅसेटला साधारण 13 जीबी लागतात, त्या हिशेबाने डिस्क घ्या.

हार्ड डिस्क पूर्ण बंद असते असं वाटतं पण बहुतेकांना हवेसाठी एक बारीक भोक असतं, आत फिल्टर असतो, तो धूळ अडवतो पण दमटपणा पूर्णपणे अडवत नाही. किनाऱ्याजवळ खारी हवा म्हणजे कनेक्टरलाही गंज. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसात भिंती ओल धरतात त्या बाजूच्या कपाटात ठेवायची नाही. जून ते सप्टेंबर पुड्या अधूनमधून बदला. डिस्क थंड-ओली वाटली तर लगेच लावू नका, खोलीत थोडा वेळ राहू दे.

डेस्कटॉपवर कॉपी करत असाल तर यूपीएस हवाच, लाइट जायला आपल्याकडे पाऊस यायचीही गरज नसते. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून निभावतं. मिरगाच्या आसपास गडगडाट सुरू झाला की डिस्क काढून ठेवा, कम्प्युटरचा प्लगही काढा. तसंही कॉपी झाली की डिस्क काढूनच ठेवायची असते, कम्प्युटरमध्ये फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस घुसला तर लावलेली डिस्कसुद्धा त्याच्या तावडीत सापडते. चवथीच्या आधी घर साफ करतो तेव्हा डबा काढा, डिस्क लावा आणि कुठलीही चार-पाच नाटकं उघडून थोडी थोडी चालवून बघा. तीच गोष्ट परत शिगम्याला.

डिस्क लावली की टक टक आवाज येतो आणि दिसत नाही. कुणी म्हणालं फ्रीजरमध्ये ठेव, कुणी म्हणालं चेकडिस्क चालव.
— फोंड्याचे एक वाचक

दोन्ही करू नका, काढा ती आणि परत लावूही नका. टक टक म्हणजे बहुधा हेड गेलंय, प्रत्येक वेळी चालू केली की चकती आणखी खरवडली जाण्याची भीती. फ्रीजरमध्ये आत पाणी धरतं. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, तर मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवतो. मोबाइल रिपेअरवाल्याला झाकण उघडू देऊ नका, ते काम धूळमुक्त खोलीतच होतं. डेटा रिकव्हरीच्या लॅबला आधी इस्टिमेट विचारा, डेटा निघाला नाही तर किती घेणार तेही लेखी घ्या. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, आतलं तेवढं मोलाचं असेल तरच पुढे जा.

डिस्क अजून दिसतेय पण अडकत चाललीय, अशीही तीन पत्रं आहेत. त्यांनी आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर काढाव्यात आणि मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम चालवून बघावा. त्यात रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा, आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर नवीन काही ठेवू नका.

कॉलेजात मॅक, घरी विंडोज. एकच डिस्क दोन्हीकडे चालेल का?
— विद्यार्थिनी, कुडचडे

चालेल, डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅट (exFAT) हा प्रकार निवड. विंडोजची नेहमीची एनटीएफएस (NTFS) असली तर मॅक वाचतो पण लिहू देत नाही, आणि फॅट32 मध्ये चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही. फॉरमॅट मारायच्या आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घे, आणि एक्सफॅटची डिस्क सेफली रिमूव्ह न करता कधी खेचू नकोस, ती त्या बाबतीत एनटीएफएसपेक्षा नाजूक असते.