कळलावी बियांपासून कुंडीत येते का? दोनदा पेरली, काहीच उगवलं नाही

येते की, फक्त वेळ लावते. मी पुण्यात गच्चीवर लावलीये, बिया रत्नागिरीकडच्या, आमच्या कुंपणावरच्या. तुम्ही बहुतेक बी आहे तसंच मातीत टाकलं असणार. दिवाळीच्या सुमारास बोंड तडकून आत लालभडक दाणे दिसतात ना, तो लाल गर चोळून काढायचा, बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं आणि मे संपता संपता दोन दिवस पाण्यात भिजवून पेरायचं, अर्ध्या पेराएवढं खोल. ग्लोव्हज घाला बरं का, अख्खं झाड विषारी आहे, कोल्चिसिन असतं त्यात, घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर लावूच नका.

सगळं एकदम उगवत नाही. माझ्या २० पैकी ७ आल्या, पहिली महिन्याभरात, शेवटची पार गणपतीत.

पहिल्या वर्षी वीतभरसुद्धा होत नाही, चार-पाच पानं येतात आणि दसऱ्यानंतर पिवळी पडून गायब. इथेच सगळे गंडतात. मेलेली नसते, खाली शेंगदाण्याएवढा कंद झोपलेला असतो, तेव्हा पाणी पूर्ण बंद करायचं आणि कुंडी आडोशाला. आमच्या सासूबाईंनी तीन कुंड्यांतली एक "रिकामी" बघून त्यात कोथिंबीर पेरली, रोज पाणी, मे महिन्यात उकरलं तर कंदाच्या जागी काळा चिकट लगदा. त्यांचं म्हणणं बरंच झालं, कळलावी दारात असली की घरात भांडणं लागतात. अहो आई, ते नाव बाळंतपणाच्या कळांवरून आलंय, असं सांगून पाहिलं, उपयोग शून्य.

उरलेल्या दोन कुंड्यांतली तिसऱ्या पावसाळ्यात फुलली. मधे कुंडी बदलायची वेळ आली तर जपून, कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो आणि डोळा अगदी टोकाला, टोक मोडलं की गेलं सगळं. आणि आधाराला बारीक काटक्याच द्या, तिच्या पानाचं टोकच गुंडाळी करून पकड घेतं, मी आधी हौसेने पीव्हीसी पाइप उभा केला होता, त्याला ती चढेचना.

यंदा फुलं बरोबर गौरींच्या आधी आली. कोकणात हिला गौरीचे हातच म्हणतात, त्यामुळे सासूबाई भांडणं वगैरे विसरून सकाळीच कात्री घेऊन गच्चीत हजर. म्हटलं दोन तरी ठेवा, बी धरायचंय.