दुसऱ्याचे हाल बघून नुसतं वाईट वाटतं, हातून काहीच होत नाही, ही दया म्हणायची की ढोंग?

ढोंग कशाला म्हणताय, डोळ्यात पाणी येतं ते खोटं नसतंच. पण कीव करणं सोपं असतं हो, त्यात समोरच्याशी काही संबंध ठेवावा लागत नाही.

बाबा आमट्यांचं बघा ना. गोऱ्या सोल्जरांना भिडले म्हणून गांधीजींनी ज्यांना अभयसाधक म्हटलं, तोच माणूस वरोऱ्यात भर पावसात गटारीजवळ पडलेला, बोटं झडलेला कुष्ठरोगी बघून आधी पळाला! नंतर स्वतःचीच लाज वाटून परत आला, त्याच्यावर आडोसा केला, शेवटपर्यंत त्याची सेवा केली. आणि मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं, म्हणजे 1951 ला आनंदवन सुरू झालं तेव्हा पेशंटना नुसतं बसवून खायला घातलं नाही, त्यांच्याच हातून विहीर खणली, शेती केली, भाजी पिकवली. सुरवातीला वरोऱ्याचे लोक ती भाजी घेईनात. तेच लोक आधी भीक मात्र घालत असणार बघा.

आमच्या आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा भेटायला येणारे सगळे तिच्या उशाशी उभं राहून आईला विचारायचे, "कळतं का हो त्यांना? काय बाई नशीब!" आजीला सगळं कळायचं, फक्त जीभ जड झाली होती. ती तोंड भिंतीकडे करायची. आणि शेजारच्या काकू यायच्या त्या कधी अरेरे म्हणाल्याच नाहीत, केस विंचरून द्यायच्या, कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते सांगायच्या आणि वाटीत कैरीची फोड आणून, "चाखून सांगा, मीठ कमी पडलंय ना लोणच्यात?" आजी अर्धा मिनिट विचार करून मान हलवायची, मग काकू घरी जाऊन खरंच मीठ वाढवायच्या. त्या दिवशी आजी जेवायची पण नीट.

बाकी बातम्यातल्या सगळ्यांसाठी तुम्ही काय करणार, कोणीच करू शकत नाही. पैसे पाठवावेसे वाटले तर पाठवा, त्यात काही कमीपणा नाही (फक्त देतानाचा फोटो स्टेटसला नको, घेणाऱ्याचं तोंड दिसतं त्यात). पण तुमच्या बिल्डिंगमध्ये, नात्यात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असेलच, तिथे जाऊन बसा आणि तब्येत सोडून दुसरं काहीतरी विचारा.