प्रश्न तुमचे : फ्रँचायझी विमानसेवांची यादी

प्रश्न : ब्रिटिश एअरवेजच्या फ्रँचायझी कंपन्या (तिचं नाव आणि रंग घेऊन उडणाऱ्या वेगळ्या कंपन्या) कुठे कुठे जात, याची यादी एक्सेलमध्ये करतोय. एका कंपनीची एक ओळ, पुढे स्वल्पविराम देत सगळी शहरं. आता त्यात काही सापडतच नाही. (सांगली)

उत्तर : स्वल्पविराम काढा. एक कंपनी, एक ब्रँड, एक विमानतळ, एक कालावधी मिळून एक ओळ. रकाने असे : उडवणारी कंपनी, ब्रँड, शहर, विमानतळ, तीन अक्षरी आयएटीए (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) कोड, चार अक्षरी आयसीएओ (संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था) कोड, पासून, पर्यंत, हंगामी की बारमाही, पुरावा.

ब्रँड वेगळा कशासाठी, ते स्कॉटलंडच्या लोगनएअरवरून कळतं. 1994 पासून ती ब्रिटिश एअरवेजच्या नावाने उडाली, 2008 मध्ये फ्लायबी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या नावाने उडू लागली आणि 1 सप्टेंबर 2017 पासून स्वतःच्या नावावर आली. त्यामुळे ग्लासगोहून जाणाऱ्या एकट्या 'बॅरा' नावाच्या बेटाच्या तीन ओळी होतात, आणि ब्रिटिश एअरवेजच्या यादीत त्यातली पहिलीच येते. (बॅराची धावपट्टी समुद्राच्या पुळणीवर आहे, भरतीला पाण्याखाली जाते. वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं, तेव्हा वेळांचा रकाना करायच्या फंदात पडू नका.)

उलट बाजूने दक्षिण आफ्रिकेची कोमएअर बघा. 1996 पासून ती ब्रिटिश एअरवेजची फ्रँचायझी होती, पण 2001 पासून तिचा कुलुला हा स्वस्त ब्रँडही चालू होता. कोमएअरची अख्खी यादी उचलून चिकटवली तर कुलुलाची उड्डाणंही आत शिरतात.

ओळ जुळवताना शहराच्या नावावर विसंबू नका. 'जोहान्सबर्ग' आणि 'जोहानसबर्ग' ही एक्सेलच्या लेखी दोन गावं. पोर्ट एलिझाबेथचं नाव 2021 मध्ये बदललं, कोड पीएलझेड तोच राहिला. पण आयएटीए कोडही दगा देतो. डर्बनचा विमानतळ 1 मे 2010 रोजी नव्या जागी, किंग शाका इथे गेला. डीयूआर हा कोड नव्या विमानतळाने तसाच घेतला. आयसीएओ कोड मात्र एफएडीएनचा एफएएलई झाला. आपल्याकडे 2008 मध्ये हैदराबादला बेगमपेटहून शमशाबादला जाताना एचवायडीचं हेच झालं. म्हणून ओळख चार अक्षरी कोडाने ठेवा, तीन अक्षरी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असू द्या.

तारखांचे दोन्ही रकाने आधी 'टेक्स्ट' करून घ्या, मगच भरा. नाहीतर 'मार्च 2008'साठी इंग्रजीत महिना-वर्ष टाकलं की एक्सेल गुपचूप 1 मार्च 2008 करून टाकतं, आणि तुमच्याकडे नसलेली अचूकता यादीत येते. 2008-03 असं लिहिलं की क्रमही बरोबर लागतो. 'पर्यंत' कधीही रिकामं सोडू नका : 'चालू' किंवा 'अज्ञात' लिहा. रिकाम्या चौकटीचा अर्थ सहा महिन्यांनी तुम्हालाही लागणार नाही.

प्रश्न : तिकिटावर बीएचा (ब्रिटिश एअरवेजचा) उड्डाण क्रमांक आहे, विमान लोगनएअरचं. मग ही फ्रँचायझी का नाही? (पुणे)

उत्तर : तो कोडशेअर. क्रमांक एकाचा, बाकी सगळं दुसऱ्याचं. फ्रँचायझीत विमानाचा रंग, गणवेश, क्रमांक सगळं मोठ्या कंपनीचं असतं, पण विमान, कर्मचारी आणि नफातोटा भागीदाराचा. डेन्मार्कच्या बिलुंडची सन-एअर 1996 पासून याच पद्धतीने ब्रिटिश एअरवेजच्या नावावर उडू लागली. बीए सिटीफ्लायर मात्र ब्रिटिश एअरवेजच्याच मालकीची उपकंपनी, फ्रँचायझी नव्हे. विमानाच्या फोटोवरून निकाल लावू नका, रंगावरून उपकंपनी की फ्रँचायझी ते कळत नाही. त्या हंगामाचं छापील वेळापत्रक बघा. 'यांच्यातर्फे संचालित' अशा अर्थाची तळटीप त्यात असते. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या. बरेच मार्ग याच दोन दिवशी सुरू किंवा बंद होतात, त्यामुळे मधलीच तारीख दिसली तर पुन्हा तपासा.

प्रश्न : बंद पडलेल्या कंपनीच्या ओळी काढून टाकाव्यात का? (बेळगाव)

उत्तर : नाही. कोमएअरची उड्डाणं 1 जून 2022 पासून थांबली; तिच्या चालू ओळींत 'पर्यंत'खाली 2022-05-31 घाला आणि फिल्टरने लपवा. फक्त एक बघा : ब्रिटिश एअरवेज स्वतः लंडनहून जोहान्सबर्ग आणि केपटाउनला जाते. त्या ओळींत उडवणारी कंपनी वेगळी आहे, त्यांना हात लावू नका.