जुन्या मोबाईलवर सीसीटीव्हीतला माणूस ओळखता येतो का, की क्लाउड घ्यावाच लागतो?

येतो. क्लाउड घ्याच म्हणणाऱ्याला आधी मळ्यात रेंज किती येते ते विचारा.

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. चार कॅमेरे, नेट म्हणजे सिमचा राउटर. मेव्हणा पुण्यात आयटीत. त्याच्या आग्रहाखातर क्लाउडचं पॅकेज घेतलं, म्हणजे व्हिडिओ नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाणार आणि माणूस तिथे ओळखला जाणार. एका कॅमेऱ्याचे २ एमबीपीएस धरा, तरी तासाला ९०० एमबी, दिवसाला जवळपास २२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६. दिवसाला दोन जीबीच्या सिमवरून हे वर कसं चढणार? गोडी छाटणीच्या दिवसांत विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. अलर्ट आला तेव्हा वडील विहिरीवर जाऊन परतलेसुद्धा होते. मेव्हणा म्हणाला, "रेंज वाढवा."

दिवाळीत जुना अँड्रॉइड बाहेर काढला. मेव्हणा सगळ्यांदेखत म्हणाला, "फोनवर असली कामं होत नसतात."

फाटक आणि विहीर, दोन्हीकडे ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डावर पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे) लावले. हालचाल झाली की बोर्ड वायफायवरून फोनला कळवतो. फोन तेवढ्याच कॅमेऱ्याचा सब-स्ट्रीम, म्हणजे कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ, उघडतो (मेन स्ट्रीमच्या नादी लागू नका) आणि सेकंदाला दोन-तीन फ्रेम मोबाइलनेट या चित्रातलं काय ते ओळखणाऱ्या मॉडेलला देतो. गुगलने ते २०१७ साली फोनसारख्या उपकरणांसाठीच काढलं. माणूस दिसला तर एक फोटो बाहेर जातो, व्हिडिओ मळ्यातच राहतो.

बिबट्यासाठी विचारत असाल तर कोको या फोटोंच्या संचावर शिकलेल्या मॉडेलच्या ८० प्रकारांत बिबट्या नाही. बिबट्या त्याला मांजर किंवा कुत्रा वाटू शकतो, म्हणून रात्री मांजर-कुत्र्याचाही अलर्ट चालू ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं: फोन चोवीस तास चार्जरवर राहिला की बॅटरी फुगते, चार्जरला टायमर लावा. पत्र्याखाली ठेवू नका, तापला की मंदावतो. ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर अँड्रॉइड ते मध्येच मारतो. एप्रिलच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा पीआयआर माणूस चुकवतो. आणि आठ-दहा कॅमेरे सतत बघायचे असतील तर फोन पुरणार नाही, तिथे संगणकच घ्या.

मार्चमध्ये पहाटे दोनला फाटकावर दोघं आले. रेंजची एकच दांडी होती, तरी फोटो लगेच वडिलांच्या मोबाईलवर. त्यांनी बाहेरचा लाइट लावला, दोघं पळाले. फोटो वेळेसकट मेव्हण्याला पाठवलाय. अजून उत्तर नाही.